माहेरची गाडी

मला छावणीत सगळे डॉक्टर म्हणतात, पण मी डॉक्टर नाही. मी मलमपट्टीवाला. सोळा वर्षांच्या नोकरीत मी माणसांची तोंडं जितकी पाहिली नसतील तितके तळपाय पाहिले आहेत.

आमच्याकडे नवे रंगरूट येतात, नऊ महिने शिकतात आणि सैनिक होऊन बाहेर पडतात. त्या नऊ महिन्यांत तीन लांब मार्च असतात. पहिला दहा किलोमीटरचा, दुसरा वीसचा आणि शेवटचा चाळीसचा. पाठीवर वीस किलोंचं ओझं, खांद्याला रायफल आणि चाळीस किलोमीटर आठ तासांच्या आत. पन्नास मिनिटं चालायचं, दहा मिनिटं बसायचं, पुन्हा पन्नास मिनिटं. आठ तासांच्या वर एक मिनिट गेलं तरी नापास. नापास झालेल्याला पुढच्या तुकडीत ढकलतात, म्हणजे तीन महिने पाण्यात.

तुकडीच्या मागून एक गाडी रांगत येते. तिच्यात मी आणि ड्रायव्हर. ज्याचे पाय हरले त्याने तिच्यात येऊन बसायचं. तिला सगळी छावणी ‘माहेरची गाडी’ म्हणते. हे नाव भावोजींनी ठेवलेलं. कोणी मागे रेंगाळायला लागला की पुढून त्यांचा आवाज यायचा, “काय रे, आईची आठवण आली? गाडी आहे मागे. जा माहेरी!” पोरं हसायची, आणि ज्याला टोमणा बसला तो दात-ओठ खात दहा पावलं पुढे यायचा. टोमणा लागू पडायचा यात शंका नाही. पण कोणाला कुठे लागायचा, ते मागच्या गाडीत मला दिसायचं.

भावोजी म्हणजे माझ्या ताईचा नवरा. घरी भावोजी, छावणीत उस्ताद, कारण शिकवणाऱ्या हवालदाराला आमच्याकडे उस्तादच म्हणतात. आणि पाठीमागे ‘काटा’. काटा म्हणजे घड्याळाचा. ज्यांना टोमणे बसायचे ते म्हणायचे, पायातला. तुकडीच्या अगदी पुढे भावोजी चालायचे आणि त्यांची चाल एकच, मिनिटाला शंभर मीटर. चढ असो, उतार असो, समोरून कुत्री धावून येवोत, शंभर म्हणजे शंभर. रंगरूटांना मार्चमध्ये घड्याळ घालायची परवानगी नसते. त्यांनी फक्त समोरच्या पाठीकडे बघायचं आणि सर्वांत पुढच्या पाठीवर विश्वास ठेवायचा. बारा वर्षं त्या पाठीने कोणाला दगा दिला नव्हता.

ताईचं लग्न झालं तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. सायकल मला भावोजींनी शिकवली. नोकरीचा अर्ज त्यांनीच माझ्याकडून तीनदा फाडून चौथ्यांदा लिहून घेतला. त्यामुळे त्यांच्यापुढे माझी जीभ नेहमीच थोडी आखूड पडायची. हे आधी सांगतो, कारण पुढे जे झालं त्यात या आखूड जिभेचाही हात आहे.

ताई एका शिलाईच्या दुकानात कापड बेतायचं काम करते. एका रविवारी मी तिच्याकडे गेलो तर ती खिडकीशी बसून एक पँट उसवत होती.

“हे बघ,” ती म्हणाली. “तुझ्या भावोजींनी दिली आहे. उजवा पाय तेवढा गुडघ्यात सैल कर म्हणाले.”

“आटली असेल धुऊन.”

“कापड काय एकाच बाजूने आटतं?” तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “ही तिसरी पँट आहे. मी विचारलं तर म्हणे, शिवणकाम तुझं, पाय माझा. तू बघ जरा. तुझं तरी ऐकतील.”

माझं ऐकतील! पण मी गेलो. भावोजी मागच्या पायरीवर बूट पॉलिश करत बसले होते. उजवा पाय लांब सोडलेला. मी न विचारता गुडघ्यावर हात ठेवला. गरम होता आणि एका बाजूने उकडलेल्या बटाट्यासारखा सुजलेला. वाकवायला गेलो तर आतून करकर आवाज आला.

“कधीपासून?”

“सात महिने.”

“आणि गोळ्या?”

“बाजारातून. तुझ्या दवाखान्यातून घेतल्या तर तू वहीत लिहिणार.”

“लिहायलाच हवं. एक्स-रे काढावा लागेल, भावोजी. चाळीसचा मार्च दोन आठवड्यांवर आलाय.”

ते ब्रश फिरवत राहिले. “तुझ्या वहीत माझं नाव आलं की दुसऱ्या दिवशी मला कोठारात बसवतील. बूट मोजायला. मला बसून काही येत नाही रे.”

“पण पोरांना तुम्हीच सांगता ना, दुखणं लपवू नका, लपवलेलं दुखणं सगळ्या तुकडीला नडतं म्हणून?”

“पोरांना सांगायचंच असतं,” ते म्हणाले आणि हसले. “हा एक मार्च होऊ दे. मग तू म्हणशील तिथे झोपतो.”

मी गुडघ्याला पट्टी कशी बांधायची ते दाखवलं आणि घरी आलो. वहीत काही लिहिलं नाही. ताईला सांगितलं, साधी सूज आहे.

चाळीसच्या मार्चला पहाटे पाचला तुकडी निघाली. चौतीस रंगरूट, पुढे भावोजी. फाटकाशी घड्याळ घेऊन कॅप्टन साहेब उभे. दुपारी एकला ते तिथेच असणार होते. साहेब वयाने भावोजींच्या निम्मे, पण कामाला पक्के. वाट नेहमीचीच होती. कालव्याच्या काठाने खाणीपर्यंत, तिथून रेल्वेचं फाटक, मग मोठ्या सडकेने वळसा घालून परत.

पहिले तीन तास छान गेले. पोरं गाणी म्हणत होती, मग बडबडत होती, मग गप्प झाली. हाच क्रम असतो. अठराव्या किलोमीटरला एक जण बाजूला झाला. जाड भिंगांचा होता म्हणून त्याला चष्मा म्हणायचे. टाच सोलवटून मोजा लाल झाला होता. तरी तो गाडीत चढायला तयार नव्हता. पुढून आवाज आलाच, “बस, बस! आईने जेवण गरम ठेवलं असेल!” चष्मा चढला आणि तोंड भिंतीकडे करून बसला. मी टाच धुतली, पट्टी बांधली.

पंचविसाव्या किलोमीटरला, दहाच्या सुमारास, पाचवी विश्रांती. मी पिशवी घेऊन पाय बघत पुढे गेलो. भावोजी एका दगडावर बसले होते. शिट्टी वाजवायची वेळ झाली तसे ते उठायला गेले आणि अर्धवट उठून तसेच राहिले. गुडघा अडकला होता. कपाळावर घाम तरारला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांनी रायफलचा आधार घेतला, पाय झटकला, काहीतरी कट्‌कन वाजलं आणि ते उभे राहिले.

“भावोजी, गाडीत बसा,” मी हळूच म्हणालो.

“इथे मी तुझा भावोजी नाही,” ते म्हणाले आणि शिट्टी वाजवली.

मी मागे गाडीकडे परत आलो. तेव्हा मी वायरलेसवरून कॅप्टन साहेबांना कळवू शकलो असतो. बटण बोटाखाली होतं. मी ते दाबलं नाही.

पुढचं मला एका रंगरूटाने नंतर सांगितलं. त्याला पोस्टमन म्हणायचे, कारण त्याचा बाप टपाल वाटायचा आणि हा लहानपणापासून त्याच्याबरोबर हिंडलेला. तो भावोजींच्या लगेच मागे होता. वेग कमी झालाय हे त्याला पायांना कळलं. मग म्हणाला, “उस्ताद, आपण मागे पडतोय.”

“तुला कोणी विचारलं?”

“कोणी नाही, उस्ताद.”

“मग चाल.”

तिसाव्या किलोमीटरला तुकडी सात मिनिटं उशिरा पोचली. भावोजींनी विश्रांती दहाची पाच मिनिटं केली. पोरांना वाटलं, उस्तादांचं काही गणित असेल. कोणी विचारलं नाही. अर्ध्यांचे बूट काढून होईपर्यंत शिट्टी झाली. त्यानंतरचे तीन किलोमीटर मी मागून बघत होतो. इतकी वर्षं मी ती रांग पाहिली होती, तिला एक लय असते. त्या दिवशी ती कुठेतरी आखडत होती, पुन्हा ताणत होती, आणि मागची पोरं एकमेकांवर आदळत होती.

तेहतिसाव्या दगडाशी रांग थांबली. मी उतरून धावत पुढे गेलो. भावोजी मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभे होते. अकरा एकेचाळीस. अकरा तीसला तिथे पोचायला हवं होतं.

“किती उरले?” त्यांनी मला विचारलं, जसं काही त्यांना येत नव्हतं.

“सात किलोमीटर. एकोणऐंशी मिनिटं.”

ते हिशेब करत होते. शंभरच्या चालीने सत्तर मिनिटं, पण मधली विश्रांती धरली तर गेलं. विश्रांती सोडायची आणि शंभरनेच जायचं. ते त्यांना जमणार नव्हतं. आणि ते पुढे असेपर्यंत कोणालाच जमणार नव्हतं. मला वाटतं, हे त्यांना त्या क्षणी पहिल्यांदा दिसलं. बारा वर्षं ते असंच समजत होते की पोरं त्यांच्या जोरावर चालतात. आज पोरांचे पाय चांगले होते आणि त्यांच्या पायाने त्यांना धरून ठेवलं होतं.

त्यांनी घड्याळ सोडलं आणि पोस्टमनच्या हातात दिलं.

“मिनिटाला शंभर मीटर. रस्त्याच्या कडेला शंभर-शंभर मीटरवर पांढरे दगड आहेत. एका मिनिटाला एक दगड. मागे बघायचं नाही.”

“आणि तुम्ही, उस्ताद?”

“विश्रांती नाही!” भावोजी सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले. “चूक माझी आहे. मी तुमची अकरा मिनिटं खाल्ली. आता हा पुढे. चला!”

तुकडी निघाली. भावोजी रस्त्याच्या कडेला उभे राहिले. चौतिसातले तेहतीस जण त्यांच्यासमोरून गेले. कोणी वर पाहिलं नाही. नंतर मी विचारलं तर पोरं म्हणाली, लाज वाटली. कोणाची, ते त्यांनाही सांगता आलं नाही.

मग ते गाडीकडे आले. मागची पायरी उंच होती आणि गुडघा वाकत नव्हता. मी हात दिला. आतून आणखी एक हात आला, चष्म्याचा. भावोजी त्याच्या समोरच्या बाकावर बसले. चष्म्याने सरकून जागा केली, म्हणजे त्यांना पाय लांब करता यावा. गाडी निघाली. मी पट्टी सोडली. गुडघ्याचा रंग पाहून चष्म्याच्या तोंडून “बाप रे” निघालं.

“तुझं कुठे लागलंय?” भावोजींनी विचारलं.

“टाच, उस्ताद.”

“दाखव.”

“पट्टी बांधली आहे, उस्ताद.”

“मग सांग. कधीपासून लागत होतं?”

चष्म्याने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. “बूट पहिल्या दिवसापासून मोठे आहेत,” तो म्हणाला. “एक नंबर मोठे. बोललो नाही.”

“का?”

“तुम्ही माहेरी पाठवाल म्हणून.”

भावोजींनी डोळे मिटले. मला वाटलं वेदनेने. मग ते म्हणाले, “माझी आई मी चौथीत असताना गेली. तरी मला हा विनोद कसा सुचला, कोण जाणे.” चष्म्याने आपली पाण्याची बाटली पुढे केली. भावोजींनी ती घेतली.

एक वाजायच्या आत फाटकातून अठ्ठावीस जण गेले. पोस्टमन पहिला, सहा मिनिटं राखून. उरलेले पाच जण, न थांबता आलेले, एक वाजून दोन ते चार मिनिटांनी पोचले. त्यातला एक गवंडी होता. भरती व्हायच्या आधी खरोखरच गवंडीकाम करायचा म्हणून हे नाव. धिप्पाड, अबोल पोरगा. तो फाटकात आला आणि ओझ्यासकट बसला.

कॅप्टन साहेब पाचांची नावं लिहीत होते. भावोजी गाडीतून उतरून लंगडत त्यांच्यापुढे उभे राहिले, सलाम केला.

“साहेब, या पाचांचा उशीर माझा आहे. माझा गुडघा सात महिन्यांपासून गेलाय. मी लपवला. पंचविसाव्याला थांबायला हवं होतं, थांबलो नाही. त्यांची विश्रांतीही मीच कापली.”

साहेबांनी पेन थांबवलं. मग ते माझ्याकडे वळले. “डॉक्टर, तुमच्या वहीत काय आहे?”

“काही नाही, साहेब.”

“म्हणजे तुम्हाला माहीत नव्हतं?”

हो म्हणणं फार सोपं होतं. भावोजी माझ्याकडे बघत नव्हते. समोर, सरळ, कुठेतरी भिंतीकडे बघत होते. ते मला वाचवायला काही बोलले असते तर मी कदाचित गप्प बसलो असतो. ते बोलले नाहीत.

“माहीत होतं, साहेब,” मी म्हणालो. “दोन आठवड्यांपासून.”

साहेब आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत राहिले. “तुम्ही एकमेकांचे कोण लागता?”

“मेहुणे, साहेब.”

“तरीच,” ते म्हणाले. त्या एका शब्दाएवढी बोलणी मी आजवर खाल्ली नव्हती.

पुढे चौकशी झाली. मला लेखी ताकीद मिळाली. ती माझ्या फायलीत आहे आणि राहील. भावोजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांना मार्चवरून कायमचं काढलं. आश्चर्य म्हणजे ताई रडली नाही. तिने त्यांच्या सगळ्या पँटचा उजवा पाय पुन्हा पूर्वीच्या मापाला आणला आणि म्हणाली, “आता सुजला तर पँट कपाटातच पडून राहील, मग मला कळेल.”

पाच जणांना नापास न करता दहा दिवसांनी पुन्हा मार्च द्यायचा, असं ठरलं. हे कॅप्टन साहेबांनी वर भांडून मिळवलं, असं मागून कळलं. त्या दिवशी साहेब स्वतः पुढे चालले. मी गाडीत होतो. चौघे वेळेत आले. गवंडी छत्तिसाव्या किलोमीटरला रस्त्याच्या कडेला बसला. मी पाय तपासले. एक फोड नाही, सूज नाही, काही नाही. “उठ ना,” मी म्हणालो, “चारच राहिले.” तो म्हणाला, “नाही उठवत, डॉक्टर.” आणि शांतपणे गाडीत चढला.

नियमाप्रमाणे त्याला पुढच्या तुकडीत जाता आलं असतं. त्याने घरी जायचा अर्ज दिला.

भावोजी तेव्हा काठी घेऊन चालायला लागले होते. गवंडी कधी जाणार हे त्यांनी मला विचारलं, आणि त्या दिवशी सकाळी म्हणाले, “चल, बसथांब्यापर्यंत जाऊ.” थांबा फाटकापासून फर्लांगभरही नाही. तेवढ्याला आम्हाला पंधरा मिनिटं लागली.

गवंडी पत्र्याच्या ट्रंकेवर बसला होता. आम्हाला बघून उठला.

“बस, बस,” भावोजी म्हणाले, आणि ते शब्द तोंडातून जाताच त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तेही बाकावर बसले. मी तीन चहा आणले.

“काय करणार आता?”

“आपलं जुनंच काम. काकाचं एक घर चालू आहे, गिलावा राहिलाय.”

“तीन महिने फक्त थांबायचं होतं.”

“हो.” त्याने पेला दोन्ही हातांत धरला होता. हात मोठे आणि स्थिर. “पण उस्ताद, आता सुरुवात केली की पहिल्या पावलापासून मला तो शेवटचा रस्ता दिसतो. चार मिनिटं. मी धावत होतो हो शेवटी. ओझं घेऊन धावत होतो. फाटक दिसत होतं.”

भावोजी काठीच्या मुठीवर अंगठा फिरवत राहिले. मग त्यांनी ते विचारलं. मला वाटलं होतं, विचारणार नाहीत. “माझ्यामुळे झालं का रे?”

आता कोणीही भला माणूस म्हणेल, नाही हो उस्ताद, तसं काही नाही. मीसुद्धा तेच ऐकायची तयारी करून बसलो होतो. भिंत सरळ आहे का हे बघताना माणूस एक डोळा बारीक करतो तसा गवंड्याने रस्त्याकडे बघत विचार केला.

“थोडं,” तो म्हणाला.

भावोजींनी मान हलवली. “बरं.”

“सगळं नाही.”

“बरं.”

आणि त्यातलं थोडं माझंही होतं. मी ते सांगायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात बस आली. गवंड्याने ट्रंक उचलून सहज टपावर चढवली, जसं काही तिच्यात कापूस होता, आणि शिडीवरूनच खाली वाकून भावोजींच्या काठीकडे बोट दाखवलं. “ही उंच आहे तुम्हाला. दोन बोटं कापून घ्या, नाहीतर खांदा धरेल.”

बस गेल्यावर भावोजी उठायच्या बेतात नव्हते. ऊन चढत होतं. मी आणखी दोन चहा सांगितले.